तिसरी घंटा वाजली, गल्ला कुणाचा भरला?

शंभर वर्षांचं नाट्यगृह आहे. छप्पर गळतंय, खुर्च्या कुरकुरतायत, वीजबिल दर महिन्याला चढतंय. पाडून दुकानगाळे काढायचे, की डागडुजी करून पडदा पुन्हा वर न्यायचा? कोल्हापूरपासून ब्राझीलच्या जंगलापर्यंत आणि जपानच्या तीर्थक्षेत्रापासून अमेरिकेतल्या कारखान्यांच्या शहरांपर्यंत हा प्रश्न पडलेली गावं पुष्कळ आहेत, आणि त्यांनी काढलेली उत्तरं एकाहून एक भन्नाट आहेत. कुणी झुंबरांच्या जागी मोटारी लावल्या, कुणी कौलं गोळा केली, कुणी नाटकाच्या जोडीला मुष्टियुद्ध ठेवलं. या साऱ्या गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या की एक हिशेब लख्ख दिसतो. तिकीटखिडकीवर जमतो त्याहून जास्त पैसा नाट्यगृहाबाहेरच्या रस्त्यावर जमतो. तो बाहेरचा पैसा आत वळवणं ज्यांना साधलं, त्यांची नाट्यगृहं टिकली.

मोटारीच्या जन्मस्थानी मोटारी

डेट्रॉइटचं मिशिगन थिएटर १९२६ साली उघडलं, तेव्हा त्यात चार हजारांच्या आसपास प्रेक्षक बसत. १९७६ मध्ये ते बंद पडलं. पाडून टाकायचं तर त्याला चिकटून असलेल्या ऑफिसांच्या इमारतीला धोका. शिवाय त्या इमारतीतले भाडेकरू हटून बसलेले, की गाड्या लावायला जागा द्या, नाहीतर आम्ही चाललो. मालकांनी खुर्च्या आणि बाल्कन्या काढल्या आणि थिएटरच्या पोटात तीन मजली पार्किंग उभं केलं. वरचं नक्षीदार छत तसंच राहिलं, रंगमंचाची कमानही राहिली. त्या छताखाली आजही गाड्या उभ्या असतात.

आता यातली खरी गंमत. हे थिएटर ज्या जागेवर बांधलं, तिथेच हेन्री फोर्डची ती छोटी शेड होती, जिच्यात त्याने १८९६ साली आपली पहिली मोटार जोडली.

पार्किंगचं भाडं महिन्याच्या महिन्याला येतं हे खरं, पण ते बघायला परगावाहून कुणी मुक्कामाला येत नाही. रात्री आठनंतर त्या रस्त्यावर कुणाचाही धंदा त्यामुळे वाढत नाही. गावाच्या दृष्टीने इथे मोठं नुकसान झालं.

जुन्या नाट्यगृहांनी याहूनही चमत्कारिक रूपं घेतली आहेत. यॉर्कशरमधल्या रिचमंड गावचं १७८८ सालचं चिमुकलं नाट्यगृह दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याचं केंद्र होतं. १९६३ मध्ये तिथे पुन्हा नाटक सुरू झालं. ब्युनोस आयर्समधलं १९१९ सालचं ग्रँड स्प्लेंडिड थिएटर आधी सिनेमागृह झालं आणि २००० साली चक्क पुस्तकांचं दुकान. बाल्कन्यांमध्ये पुस्तकांची शेल्फं, बॉक्समध्ये बसून वाचायची सोय, रंगमंचावर कॅफे, आणि मखमली पडदा जागच्या जागी. वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं तिथे येतात. नाटक गेलं याचं वाईट वाटतंच. पण नाट्यगृहाचं दुसरं काही करायचीच वेळ आली, तर ते असं करावं.

सुभद्रेला माणूस एकच लागतो

नाट्यगृह तोट्यात का जातं, याचं सगळ्यात सुंदर उत्तर विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये दिलं. कारखान्यात नवं यंत्र आलं की तेवढेच कामगार दुप्पट माल काढतात. नाटक-संगीतात तसं होत नाही. चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं लागत होती, आजही चारच लागतात.

आपल्या घरचं उदाहरण घ्या. ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आलं. सुभद्रेची भूमिका तेव्हा पुरुष करायचे, आता स्त्रिया करतात, पण सुभद्रेला माणूस तेव्हाही एक लागायचा आणि आताही एकच लागतो. नांदीला लागणारा वेळ कमी झालेला नाही. अर्धा तबलजी मिळत नाही. मात्र त्या तबलजीचं घरभाडं, त्याच्या मुलांची फी, एसटीचं तिकीट हे सगळं बाकीच्या जगाच्या भावाने वाढत आलं. अर्थशास्त्रात याला बॉमोलचा ‘कॉस्ट डिसीज’ म्हणतात. त्यावर जुन्या वास्तूचा खर्च वेगळा: लाकूड, वाळवी, आगप्रतिबंधक यंत्रणा, गळती.

म्हणून निर्माता म्हणतो भाडं परवडत नाही, आणि नाट्यगृहाचा व्यवस्थापक म्हणतो भाडं पुरत नाही. दोघंही खरं बोलत असतात.

आणि तरीही त्या संध्याकाळी पैसा फिरतोच. मध्यंतरातला बटाटेवडा आणि चहा, बाहेरचा गजरेवाला, रिक्षावाले, प्रयोग सुटल्यावर उघडी असलेली खानावळ, कलाकार उतरतात तो लॉज, नाटकाची बस जिथे डिझेल भरते तो पंप. शिवाय दौऱ्याचं एक गणित असतं. मुंबईहून निघालेलं नाटक साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात लागोपाठ तारखा मिळाल्या तरच निघतं, कारण बसचा आणि मुक्कामाचा खर्च त्या तारखांवर विभागला जातो. मधलं एक नाट्यगृह बंद पडलं की शेजारच्या दोन गावांचे प्रयोगही महाग होतात.

बॉक्सिंग बुडलं, शेक्सपिअर तरला

ओरेगॉन राज्यातल्या ॲशलंडची गोष्ट मला या सगळ्यांत सर्वांत प्रिय आहे. गावात १९१७ साली व्याख्यानं आणि गाण्यांच्या कार्यक्रमांसाठी घुमटाची मोठी इमारत बांधली होती. १९३३ मध्ये घुमट उतरवला गेला आणि नुसत्या गोल भिंती उरल्या. तिथल्या कॉलेजातले शिक्षक अँगस बोमर यांना त्या भिंती पाहून शेक्सपिअरच्या काळातलं नाट्यगृह दिसलं. अमेरिकेत मंदी चालू होती. तरी १९३५ च्या ४ जुलैच्या उत्सवात इथे दोन नाटकं करू द्या, असं त्यांनी गावाला सांगितलं.

गावाने चारशे डॉलरपर्यंतची मदत कबूल केली, पण नाटक बुडणार याची गावाला खात्री होती. म्हणून तूट भरून काढायला त्याच रंगमंचावर दिवसा बॉक्सिंगचे सामने ठेवले. झालं उलटं! बॉक्सिंग तोट्यात गेलं, आणि तो तोटा शेक्सपिअरच्या नाटकांच्या नफ्यातून भरावा लागला.

तिथून ओरेगॉन शेक्सपिअर महोत्सव उभा राहिला. आज त्याचे प्रयोग वर्षातले कित्येक महिने चालतात आणि छोट्याशा ॲशलंडमधली लॉजेस, खानावळी, दुकानं त्या वेळापत्रकावर चालतात. याची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. २०१८ च्या उन्हाळ्यात वणव्यांच्या धुरामुळे खुल्या नाट्यगृहातले प्रयोग रद्द झाले आणि झळ गावभर बसली. कोविडनंतर महोत्सव इतका अडचणीत आला, की २०२३ मध्ये लोकांकडे तातडीची मदत मागावी लागली. एकाच नाट्यगृहावर उभं असलेलं गाव नाट्यगृहाबरोबर आजारीही पडतं.

बॉक्सिंग आणि नाटक एका अंगणात, हे वाचून कोल्हापूरकरांना मुळीच नवल वाटणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचं मैदान आणि नाट्यगृह एकमेकांना लागून बांधलं. नाट्यगृहाचं काम १९१३ मध्ये सुरू झालं आणि १९१५ मध्ये पूर्ण झालं. नाव पॅलेस थिएटर. प्रेक्षकाच्या नजरेआड येणारा एकही खांब मधे नाही. मल्ल आणि नट यांचे प्रेक्षक वेगळे, वेळा वेगळ्या, पण चहाची टपरी, टांगा, उतरायची जागा एकच. एकाच परिसराला सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाईक मिळवून देणारी ही योजना आजच्या कुठल्याही नगररचनाकाराने अभ्यासावी अशी आहे.

पुढे या नाट्यगृहाला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. कोल्हापूरचाच हा गायकनट, ‘ललितकलादर्श’चा संस्थापक, उणंपुरं एकतीस वर्षांचं आयुष्य लाभलेला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली आणि शतकभराची वास्तू होरपळली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणाऱ्यांत असेही लोक होते ज्यांचा नाटकाच्या धंद्याशी काडीचा संबंध नव्हता. सरकारने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. पण बंद असलेल्या प्रत्येक महिन्यात हौशी संस्थांच्या स्पर्धा, शाळांची संमेलनं, गाण्याच्या मैफली आणि बाहेरून येणारे दौरे यांना दुसरी जागा शोधावी लागते, आणि एकदा दुसरीकडे गेलेला दौरा परत आणायला वेळ लागतो. बांधकामाच्या अंदाजपत्रकात ही तूट कुठेच लिहिलेली नसते.

लॉबीत नाटक, शेजारी फ्लॅट

क्लीव्हलंड. लोखंड-पोलादाचं शहर. १९२१-२२ मध्ये इथे प्लेहाउस स्क्वेअर या एकाच भागात पाच भव्य थिएटरं उघडली. १९६९ पर्यंत त्यातली चार बंद पडली. १९७० च्या सुमाराला शाळाखात्यातला रे शेपर्डसन नावाचा तरुण कर्मचारी शिक्षकांच्या बैठकीसाठी सभागृह शोधत तिथे पोचला. बैठकीला जागा मिळाली की नाही हे बाजूलाच राहिलं. त्या थिएटरांनी या माणसाला झपाटलं आणि त्याने नोकरी सोडली.

१९७२ मध्ये त्यातली दोन थिएटरं पाडून पार्किंग करण्याचं ठरत होतं. ज्युनिअर लीग या महिलांच्या संस्थेने २५ हजार डॉलर दिले आणि बचाव मोहिमेत जीव आला. पण प्रयोग करायचा कुठे? मुख्य सभागृहाची पार दैना झालेली. मग नाटक लावलं लॉबीत! स्टेट थिएटरची लॉबी तब्बल ३२० फूट लांब, जगातल्या सर्वांत लांब नाट्यगृह-लॉब्यांमध्ये तिची गणना होते. १९७३ च्या एप्रिलमध्ये फ्रेंचमध्ये गाणाऱ्या बेल्जियन गायक जाक ब्रेलच्या गाण्यांवरचा एक छोटेखानी संगीत कार्यक्रम तिथे सुरू झाला. दोन-तीन आठवडे चालेल असा अंदाज होता. तो दोन वर्षं चालला.

ज्या भागात संध्याकाळी माणूस फिरकत नव्हता तिथे रोज रात्री प्रेक्षक येतायत, हे दिसल्यावर शहराच्या कारभाऱ्यांचं मत बदललं. ओहायो थिएटर १९८२ मध्ये, स्टेट १९८४ मध्ये, पॅलेस १९८८ मध्ये, ॲलन १९९८ मध्ये, अशी एकेक वास्तू पुन्हा उघडत गेली.

पुढची चाल त्याहून हुशारीची. प्लेहाउस स्क्वेअरच्या ना-नफा संस्थेने आसपासच्या इमारती घ्यायला सुरुवात केली. थिएटर सुरू झालं की शेजारच्या जागेचा भाव वाढतो आणि तो फायदा शेजारचा घरमालक घेऊन जातो, हे तिने ओळखलं होतं. मग शेजारचा घरमालक आपणच का होऊ नये? ऑफिसांचं भाडं, हॉटेल, पार्किंग. २०२० मध्ये याच संस्थेने चौतीस मजल्यांचा निवासी टॉवर उभा केला. थिएटरपाशी चोवीस तास राहणारी माणसं आली म्हणजे वाण्याची दुकानंही येतात, रात्रीचे दिवेही लागतात. आज तिथे वर्षाला दहा लाखांच्या वर प्रेक्षक येतात आणि चौकात, भर रस्त्यावर, वीस फूट उंचीचं झुंबर टांगलेलं आहे. छताखालची चीज उघड्या आभाळाखाली लावायची कल्पना मला फार आवडते. नाटकाला न जाणारा माणूसही त्याखालून जाताना मान वर करतो.

माणशी एक कौल

जपानमधलं यामागा हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. १९१० मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांनी शेअर विकून काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारासाठी याचियोझा नावाचं नाट्यगृह बांधलं. छताकडे पाहिलं तर दुकानांच्या रंगीत जाहिरातीच जाहिराती! आज स्टेडियमला कंपनीचं नाव दिलं की आपण त्याला नवी युक्ती समजतो. यामागाच्या वाण्या-शिंप्यांनी ती शतकापूर्वीच करून ठेवली होती.

टीव्ही आला, सिनेमा आला, १९७० च्या दशकात याचियोझा बंद पडलं. छप्पर गळायला लागलं. गावातले म्हातारे पुढे आले. ज्येष्ठांच्या मंडळांनी माणशी एक कौल अशी मोहीम काढली आणि छप्पर शाकारण्याइतके पैसे उभे केले. पाठोपाठ वास्तूला राष्ट्रीय संरक्षण मिळालं, आणि १९९० मध्ये काबुकीतला नामवंत नट बांदो तामासाबुरो तिथे प्रयोग करायला आला. तो पुन्हापुन्हा येत राहिला आणि त्याच्यामागून देशभरातले रसिक.

कोतोहिराची कथा याहून रंगतदार. कोंपिरा देवस्थानाचं हे गाव, ७८५ पायऱ्या चढून मुख्य मंदिर. यात्रेकरूंसाठी १८३५ साली बांधलेलं कानामारुझा हे जपानमधलं शिल्लक असलेलं सर्वांत जुनं काबुकी नाट्यगृह. देवदर्शन आणि रात्री नाटक ही जोडी आपल्याला शिकवायला नको. जत्रेत तमाशाची राहुटी लागली की भजीवाल्यापासून पाळणेवाल्यापर्यंत सगळ्यांची रात्र सोन्याची होते.

१९७० च्या दशकात ही वास्तू सोडवून, नव्या जागी पुन्हा जोडून नीटनेटकी केली गेली. पण नीटनेटकी आणि रिकामी! नुसतं जतन केलेलं नाट्यगृह हे संग्रहालय असतं, दहा मिनिटांत बघून होतं. टीव्हीच्या एका कार्यक्रमासाठी आलेल्या काबुकी नटांना ती जागा इतकी आवडली, की इथे प्रयोग झालाच पाहिजे असं त्यांनी मनावर घेतलं. १९८५ पासून तिथे वसंतात काबुकीचा महोत्सव भरू लागला. फिरता रंगमंच वीज न वापरता फिरतो, तळघरात उतरून माणसं तो ढकलतात. उजेड कमी-जास्त करायचा तर खिडक्यांची झडपं हाताने लावतात-उघडतात. रंगमंच ढकलणारे गावातले तरुण व्यापारी, आणि प्रेक्षकांना त्यांच्या चौकटीत नेऊन बसवणारे कितीतरी जण स्वयंसेवक. कोविडमध्ये पडलेला खंड २०२४ मध्ये संपला.

पैशाच्या अंगाने पाहा. काबुकीच्या बड्या नटांचा खर्च एवढ्याशा नाट्यगृहाच्या तिकिटांतून निघणं कठीण. जमवून आणतं ते गाव. दुकानदार दुपारी आपलं दुकान सोडून रंगमंच ढकलायला जातो, कारण प्रयोग सुटल्यावर तेच प्रेक्षक त्याच्या दुकानात उदोन नूडल्स खायला येणार असतात.

रबरावर उभा राहिलेला महाल

सगळीकडे असं घडत नाही. ब्राझीलच्या ॲमेझॉन जंगलात, मनाउसला, १८९६ च्या अखेरीस तेआत्रो ॲमेझोनास उघडलं. इटलीचा संगमरवर, मुरानोची झुंबरं, आणि घुमटावर ब्राझीलच्या झेंड्याच्या रंगांची ३६ हजार कौलं. आतला संवाद ऐकू यावा म्हणून समोरच्या रस्त्याच्या फरशीत रबर मिसळलं होतं, घोडागाड्यांची खडखड व्हायला नको.

पैसा सगळा रबराचा. पण १८७६ मध्येच हेन्री विकम नावाच्या इंग्रजाने रबराच्या झाडाचं बियाणं हजारोंनी लंडनला नेलं होतं. त्याची रोपं मलाया आणि सिलोनमध्ये फोफावली, भाव कोसळला आणि मनाउसची रया गेली. नाट्यगृहामुळे गाव श्रीमंत होतं असं सरसकट म्हणणाऱ्यांनी मनाउस आठवावं. इथे गावाच्या श्रीमंतीतून नाट्यगृह झालं आणि श्रीमंती गेल्यावर ते एकटं पडलं. १९९७ पासून मात्र तिथे दरवर्षी ऑपेरा महोत्सव होतो, राज्य सरकारच्या पाठबळावर. जंगलात ऑपेरा ऐकायला लोक येतात, आणि येतात म्हणजे राहतात, जेवतात, बोटीतून फिरतात.

इटलीतल्या वेरोनाच्या रोमन रिंगणाला तर दोन हजार वर्षांची पुण्याई आहे. ग्लॅडिएटरांसाठी बांधलेल्या त्या दगडी रिंगणात १० ऑगस्ट १९१३ रोजी वेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त ‘आयडा’ हा ऑपेरा झाला. कल्पना झेनातेल्लो या गायकाची. तेव्हापासून महायुद्धांचा आणि साथीचा काळ वगळता उन्हाळ्यात तिथे ऑपेरा होतोच. नेपथ्य इतकं अजस्र, की ते रिंगणाबाहेरच्या चौकात रचून ठेवतात आणि कॉफी पिणाऱ्या पर्यटकांच्या शेजारी इजिप्तचे सिंह बसलेले दिसतात. चौकातल्या कॅफेवाल्यांना यापेक्षा चांगली जाहिरात कोणती!

स्टॉप ऑपेरा हाउस, आत कधीच नाही

मुंबईत पिढ्यान् पिढ्या माणसं ‘ऑपेरा हाउसला उतरतो’ म्हणत बसमधून उतरत आली. पण १९९३ ते २०१६ या काळात वाढलेल्या मुंबईकराने ते आतून पाहिलेलंच नव्हतं. मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी काढलेल्या या रॉयल ऑपेरा हाउसचं उद्घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते झालं, तेही काम पुरं व्हायच्या आत. बालगंधर्वांनी, दीनानाथांनी ही जागा गाजवली, पृथ्वीराज कपूर इथे नाटकं करायचे. मग सिनेमा आला, मग कुलूप. १९५२ पासून गोंडलच्या राजघराण्याकडे असलेली ही वास्तू आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्त झाली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये, मुंबईत जन्मलेल्या गोमंतकीय वंशाच्या गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या गाण्याने उघडली. पुढच्याच वर्षी तिला युनेस्कोचा सन्मान मिळाला.

खुर्च्या ५७५. आकडा लक्षात घेतला की अडचण कळते. एवढ्या खुर्च्यांवर अशा वास्तूची देखभाल निघणं अवघड, म्हणून खासगी समारंभ, चित्रीकरण, प्रदर्शनं यांनाही दार उघडावं लागतं. काही रसिकांना हे रुचत नाही. मला त्यात काहीच गैर दिसत नाही. लग्नाच्या स्वागतसमारंभाने भरलेल्या गल्ल्यातून मैफलीचं भाडं कमी ठेवता येत असेल तर तो समारंभ संगीताची सेवाच करतो. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ पासून गिरणगावच्या कामगारांचं हक्काचं रंगपीठ होतं, तेही आता पुनर्विकासाच्या फेऱ्यात आहे. तिथे नवं नाट्यगृह होईल तेव्हा भाडं कामगार रंगभूमीला, हौशी मंडळांना परवडेल का, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं.

कायद्यातल्या कळा

ब्रिटनमध्ये १९७६ सालापासून थिएटर्स ट्रस्ट नावाची वैधानिक संस्था आहे. नाट्यगृहाच्या जागेवर काही बांधायचं-पाडायचं असेल तर नगरपालिकेला तिचा सल्ला घ्यावाच लागतो. शिवाय ती धोक्यातल्या नाट्यगृहांची यादी दरवर्षी प्रसिद्ध करते, म्हणजे दुखणं आधी कळतं. लंडनच्या वेस्ट एंडमधल्या कितीतरी तिकिटांमध्ये इमारतीच्या दुरुस्तीसाठीची पट्टी आधीच धरलेली असते.

अमेरिकेत ऐतिहासिक वास्तूच्या दुरुस्तीखर्चावर केंद्र सरकार २० टक्के करसवलत देतं. अट अशी, की वास्तू उत्पन्न देणारी हवी. ही अट फार शहाणी आहे. दुरुस्त करून कुलूप लावणाऱ्याला तिचा उपयोग नाही, प्रयोग लावणाऱ्याला आहे.

आणि नाट्यगृह वाचवताना सगळ्यात स्वस्त साधन कोणतं, तर तारखा. डर्बीशरमधल्या बक्स्टनचं १९०३ सालचं ऑपेरा हाउस कित्येक वर्षं सिनेमागृह होतं, १९७६ मध्ये बंद पडलं. १९७९ मध्ये ते पुन्हा उघडलं तेच एका महोत्सवाला घेऊन. इमारतीचा पुनर्जन्म आणि तारखेचा जन्म एकाच वर्षी झाला. आयर्लंडच्या वेक्सफर्डमध्ये टॉम वॉल्श या डॉक्टरने १९५१ मध्ये जुन्या थिएटर रॉयलमध्ये ऑपेरा महोत्सव सुरू केला, तोही पर्यटकांचा हंगाम सरल्यावरच्या दिवसांत. रिकाम्या लॉजेसना गिऱ्हाईक मिळालं. महोत्सव एवढा रुजला, की जुनं थिएटर अपुरं पडलं तेव्हा त्याच जागी २००८ मध्ये नवं ऑपेरा हाउस बांधलं गेलं.

फॉक्सने काय केलं

ॲटलांटाचं फॉक्स थिएटर १९२९ च्या नाताळात उघडलं. एका बंधुमंडळाने स्वतःसाठी बांधायला घेतलेलं हे सभागृह पैसे संपल्यामुळे सिनेमाच्या कंपनीला भाड्याने द्यावं लागलं. आत शिरलं की डोक्यावर निळं आकाश आणि त्यात लुकलुकणारे ९६ तारे. ३,६२२ नळ्यांचा ऑर्गन. १९७० च्या दशकात एका टेलिफोन कंपनीला ते पाडून मुख्य कार्यालय बांधायचं होतं. शहर खवळलं. शाळकरी मुलांपासून रॉक बँडपर्यंत सगळे वर्गणी काढायला लागले. लिनर्ड स्किनर्ड या बँडने १९७६ मध्ये तिथेच आपला गाजलेला लाइव्ह अल्बम ध्वनिमुद्रित केला. १९७८ मध्ये थिएटर वाचवायला काढलेलं कर्ज फिटलं.

जो पॅटन या गृहस्थांनी १९६० च्या दशकात तो ऑर्गन दुरुस्त केला होता आणि बचाव मोहिमेतही ते पुढे होते. थिएटर चालवणाऱ्या संस्थेने त्यांना थिएटरच्या आतच राहायला घर दिलं, आयुष्यभरासाठी. १९९६ च्या एप्रिलमध्ये पहाटे आग लागली तेव्हा ती आधी लक्षात आली या आत राहणाऱ्या माणसाच्या. अग्निशमन दल वेळेवर पोचलं आणि फॉक्स वाचलं. कोल्हापूरच्या आगीनंतर ही हकिकत वाचताना माझ्या घशाशी आवंढा आला.

साडेचार हजारांवर खुर्च्या, वर्षभर प्रयोग, समारंभांसाठी वेगळी दालनं. फॉक्स आपल्या कमाईवर चालतं आणि वर शिल्लक पडते. त्या शिलकीतून २००८ पासून त्यांनी जॉर्जिया राज्यातल्या लहान गावांच्या जुन्या नाट्यगृहांना मदत द्यायला सुरुवात केली: छपराला, वायरिंगला, तांत्रिक सल्ल्याला, व्यवस्थापन शिकायला. मोठ्या शहरातल्या भरलेल्या खुर्च्या लहान गावातले दिवे लावतात.

हे आपल्याकडे उद्या सुरू करता येईल. मुंबई, ठाणे, पुण्यात शनिवार-रविवारी हाउसफुल्लचे बोर्ड लागतात. त्या प्रत्येक तिकिटातले पाच रुपये बाजूला काढून सांगली, मिरज, कोल्हापूरपासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंतच्या जुन्या नाट्यगृहांचा एक निधी करावा. पाच रुपयांसाठी नाटक सोडणारा मराठी प्रेक्षक नाही. निधी देताना अट एकच ठेवावी, वर्षाच्या तारखांचं वेळापत्रक आधी दाखवा. आणि पहिल्या वर्षीचा पैसा कशावर घालायचा हे ठरवायला समिती नेमायची गरज नाही, दौऱ्यावरच्या कुठल्याही नटीला विचारा. ती सांगेल: आधी मेकअप रूममधलं स्वच्छतागृह, मग पाणी, मग एसी, मग माइक.